बदकाची टोपी

आमच्या पार्ल्यात माणूस रिटायर झाला की दोनच गोष्टी करतो, सकाळी बागेत चालतो आणि संध्याकाळी व्याख्यान ऐकतो. बाहेरचे वक्ते मिळेनासे झाले तेव्हा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष भाऊराव यांनी एक शक्कल काढली. संघातल्या निम्म्याहून अधिक घरांतली मुलं अमेरिकेत. तर प्रत्येकाने आपल्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या कंपनीचा इतिहास सांगायचा. मालिकेला नावही दिलं, 'आमची मुलं, त्यांच्या कंपन्या'. महिन्यातून एका शनिवारी, बागेमागच्या हॉलमध्ये, चहा आणि बटाटेवड्यासह.

मला ही कल्पना पहिल्यापासून पटली नव्हती. मुलं तिकडे, आपण इकडे, आणि चार म्हातारी माणसं जमून बोलणार कशाबद्दल, तर कंपनीबद्दल! पण आईबापांना मुलांचं कौतुक सांगायला निमित्त हवं असतं. नुसतं कौतुक केलं की लोक नाकं मुरडतात, इतिहास म्हटलं की वही-पेन घेऊन बसतात. भाऊरावांनी लेकीच्या लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीवर बोलून अर्ध्या हॉलला पेंग आणली. समोरच्या इमारतीतल्या माझ्या मैत्रिणीने, माधुरीने, आपल्या सुयोगची विमा कंपनी चहा गार व्हायच्या आत आटपली, म्हणून तिला खऱ्या टाळ्या पडल्या. मग पाळी आली आमची. आमच्या अनयची कंपनी, टॅलमन ब्रदर्स.

अनय सांगायचा, "आई, आउटडोअर प्रॉडक्ट्स." आम्ही समजलो तंबू, पाठीवरच्या पिशव्या, थर्मास. गेल्या वर्षी आला तेव्हा त्याने वडिलांसाठी कंपनीची टोपी आणली. हिरवी, पुढे उडतं बदक. अनंतरावांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, ती डोक्यावर चढवली ती उतरवली नाही. झब्बा-लेंगा आणि वर ती टोपी. बागेतली पोरं त्यांना बदकवाले आजोबा म्हणायला लागली आणि यांना ते आवडायचंही.

हे इतिहासाचे मास्तर. पार्ल्यातली दोन पिढ्यांची मुलं यांच्या हाताखालून गेली, आणि त्या सगळ्यांना यांचा एकच प्रश्न पाठ आहे. मुलगा उत्तर सांगत विजयापर्यंत आला आणि खाली बसायला लागला की हे विचारत, "आणि पुढे?" पुढे बहुतेक वेळा पराभव असायचा, नाहीतर फितुरी. "तेही सांगायचं," हे म्हणायचे. "अर्धा इतिहास सांगणं म्हणजे खोटं बोलणं." भाजी घेताना जुना विद्यार्थी भेटला तरी हसत हसत हेच म्हणून दाखवतो.

तर हे व्याख्यानाच्या तयारीला बसले. कॉम्प्युटर लावला, चष्मा पुसला, मला चहा टाकायला सांगितला. चहा घेऊन गेले तर कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी चालायला गेले ते बिनटोपीचे. मला वाटलं पोट बिघडलं असेल. यांचं काहीही बिनसलं की मी आधी पोटाचं विचारते, आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. या वेळी नाही निघालं. जेवताना भाताचे ढीग इकडून तिकडे सारत बसले, तेव्हा मी म्हटलं, "अहो, झालंय काय ते सांगा एकदाचं."

मग त्यांनी सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. टॅलमन बंधू एका पाद्र्याचे मुलगे. ओहायोत दलदलीकाठी राहायचे. थंडीत तिथे बदकांचे थवे उतरायचे आणि मागोमाग शिकारी यायचे. या दोघा भावांनी गोठ्यात बसून शिकाऱ्यांसाठी काडतुसं भरायला सुरुवात केली. बदक तेव्हापासूनचं. पहिलं महायुद्ध आलं आणि गोठ्याचा कारखाना झाला. दुसऱ्या महायुद्धात गावातल्या बायका रात्रंदिवस पाळ्यांनी गोळ्या भरत होत्या. एकदा तिथे स्फोट झाला आणि त्यातल्या कितीतरी गेल्या. कंपनीने स्वतःचा जो इतिहास लिहिलाय त्यात त्याला म्हटलंय 'कठीण वर्ष'. एवढंच. नाव एकीचंही नाही. मग युद्ध संपलं. यंत्रं तेवढीच राहिली, पण त्या यंत्रांना पुरतील इतकी बदकं जगात नव्हती. तेव्हा कंपनीने जाहिराती करून लोकांना सांगायला सुरुवात केली की तुमच्या घराला धोका आहे, उशाशी पिस्तूल ठेवा, पिस्तुलात आमची गोळी ठेवा.

"आणि पुढे?" मी विचारलं. मुद्दाम नाही, इतकी वर्षं ऐकून तोंडात बसलेलं.

यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तंबू आहेत, जयंती. कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर. बाकी सगळ्या गोळ्या. आणि पुढे वर्तमानपत्रं आहेत. शाळेत, बाजारात माणसं मारली जातात, नंतर मारणाऱ्याच्या घरात खोकी सापडतात. त्या खोक्यांवर कुणाचं नाव होतं तेही छापलेलं असतं. दोन ठिकाणी टॅलमनचं आहे."

माझ्या डोळ्यांसमोर आली ती गंधाली.

गंधाली माधुरीची नात, सुयोगची मुलगी. टेक्सासला असते. तिच्या शाळेत एक माणूस बंदूक घेऊन शिरला होता. हिचा वर्ग वाचला. बाईंनी सगळ्यांना सामानाच्या खोलीत कोंबून दिवे मालवले होते. शेजारच्या वर्गातली मुलं गेली. माधुरीने ते मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी जिन्यातच बसून रडलो होतो. त्यानंतरच्या सुट्टीत गंधाली पार्ल्याला आली. यांचा वाढदिवस होता, आमच्या घरी सगळे जमले होते. कुणाच्या तरी हातून फुगा फुटला. सगळे हसले आणि पोरगी दिसेना. मला ती सापडली स्वयंपाकघरात, ओट्याखाली, डाळींच्या डब्यांमध्ये. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती. डोळे उघडे, आवाज अजिबात नाही. रडायचं नाही हे त्यांना शाळेत शिकवतात म्हणे. मी फरशीवर बसले, आणि हेही नव्या रेशमी झब्ब्यानिशी माझ्या शेजारी बसले. तिने यांना विचारलं, "आजोबा, तो गेला?" हे म्हणाले, "गेला बाळा. आता नाही येणार."

त्या वेळी यांच्या खुर्चीच्या पाठीला ती बदकाची टोपी अडकवलेली होती.

आम्ही अनयला फोन लावला. तो पडद्यावर आला, मागे त्याचं ते स्वच्छ स्वयंपाकघर. माझा मुलगा देखणा आहे, हे मी त्याही वेळी पाहिलं.

"आई, मी काही गोळ्या नाही बनवत गं," तो म्हणाला. "मी खोक्यांच्या छपाईचं बघतो. रंग, कागद, वरचं डिझाइन."

"म्हणजे बदक तू छापतोस," हे म्हणाले.

"आमची टीम छापते, बाबा. तुम्हाला कळत नाहीये. इथे हे सगळं कायदेशीर आहे. पोलीस वापरतात, शिकारी वापरतात. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं."

"सुयोगला माहीत आहे?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला. शाळेत असताना यांच्यासमोर प्रगतिपुस्तक धरून असाच उभा राहायचा.

"माहीत आहे. गंधालीचं ते झाल्यापासून फोन उचलत नाही तो माझा. काकूंना मात्र त्याने सांगितलेलं नाही. माझ्यासाठी नाही सांगितलं असणार. प्लीज यार बाबा, तुम्हीपण नका सांगू. मी शोधतोय ना दुसरी नोकरी."

कधीपासून शोधतोयस, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती. मला माझ्या मुलाची लाज वाटली, आणि वाटली म्हणून परत स्वतःचीच लाज वाटली. सर्दी-तापात ज्याच्या उशाशी बसले त्याच्याबद्दल असं वाटायला नको होतं. पण वाटलं ते वाटलं.

व्याख्यान रद्द करायचं म्हणून हे भाऊरावांना भेटायला गेले, तर बागेच्या फाटकावर फलक लागलेला. भाऊरावांनी यांना बोलूच दिलं नाही. "सर, हॉल भरणार बघा! आणि टोपी घालून या हं, मजा येईल." हे घरी आले आणि म्हणाले, "मी खरं तेच सांगणार. सगळं." आणि मी, आयुष्यभर यांच्या खरेपणाचं कौतुक जगभर मिरवणारी, पटकन म्हणाले, "अहो, तंबूंवर बोला ना. तेही खोटं नाहीच." हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांनाही कुणीतरी हे म्हणायला हवंच होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

हॉल भरला. माधुरी पहिल्या रांगेत, अंगावर मोरपंखी साडी. हे टोपी घालून उभे राहिले आणि बोलले, आणि छान बोलले, हेच तर वाईट. पाद्र्याचे मुलगे सांगितले, दलदल, धुकं, पाण्यावर उतरणारी बदकं असं डोळ्यांसमोर उभं केलं की बायका 'अहाहा' म्हणाल्या. शिकाऱ्यांना 'लागणारं सामान' म्हणाले. युद्धात सैन्याला 'सामान' पुरवलं म्हणाले. गावातल्या बायका कामाला जायच्या, त्यांनी घरं उभी केली, म्हणाले. त्या बायका मेल्या ते नाही म्हणाले. मग थर्मास आला, तंबू आला आणि भाषण संपलं.

मागच्या बाजूला केतन उभा होता, यांचा जुना विद्यार्थी, आईला न्यायला आलेला. तो तिथून मोठ्याने ओरडला, "सर, आणि पुढे?"

सगळा हॉल हसला. हे क्षणभर तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील. देवाशपथ सांगते, मी मनात म्हटलं, नको, नको.

"पुढे काय," हे म्हणाले, "पुढे तंबू."

पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. भाऊरावांनी शाल घातली. तेवढ्यात माधुरी उठली. "सर, एक मागू का? मंगळवारी निघतेय मी सुयोगकडे. ही टोपी मला द्या ना, गंधालीसाठी. त्यांच्या घरामागे तळं आहे, पोरगी रोज बदकांना खायला घालते. खूश होईल हो!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. त्या शांततेत काहीही म्हणता आलं असतं. जुनी झाली आहे, विटली आहे, अनयची आठवण आहे. आणि मीच म्हणाले, "द्या की हो. पोरीला शोभेल." यांनी टोपी काढली. केस घामाने कपाळाला चिकटले होते. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

घरी आलो. दार लावल्यावर हे म्हणाले, "तिथे हे बदक शेंबडं पोरही ओळखतं. ती ही टोपी घालून शाळेत जाईल, जयंती. त्या शाळेत."

"मग नाही म्हणायचं होतंत!"

"तू कशाला हो म्हणालीस?"

मग भांडलो, या वयात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे. भांडून दमलो तेव्हा ठरलं की टोपी परत आणायची आणि ती मी आणायची, कारण यांचे पाय माधुरीच्या जिन्याकडे वळणार नव्हते.

सोमवारी मी बेसनाचे लाडू केले. माधुरीकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं. तिचा नाव कोरलेला स्टीलचा डबा माझ्याकडे असतो, माझा तिच्याकडे, आणि इतक्या वर्षांत एकही डबा रिकामा परत गेलेला नाही. घरात काही नसलं तर मूठभर साखर घालून द्यायची, पण भरून द्यायचा. या खेपेला जो हाताशी आला तो डबा माझाच निघाला. लाडू वळताना मी काय बोलायचं ते घोकत होते. खरं सांगायचं नाही, असंच घोकत होते.

माधुरीच्या दिवाणखान्यात बॅग उघडी पडलेली, भोवती गोडा मसाला, मेतकूट, गंधालीचे फ्रॉक. "ये गं," ती म्हणाली, पण उठली नाही. मी डबा टेबलावर ठेवला आणि घोकलेलं म्हणायला लागले. "अगं, ती टोपी दे परत. घामट आहे, कुठे नेतेस! अनयला सांगून कोरी पाठवते गंधालीला."

"मी नेतच नाहीये ती," माधुरी म्हणाली. "धुऊन वाळवली काल. रात्री व्हिडिओवर दाखवली तिला, म्हटलं बघ, आजीने काय मिळवलंय. पोरगी बघत राहिली नुसती. मग म्हणाली, आजी, हे बदक मला माहितीये. आमच्या इथल्या दुकानात तंबूंच्या मागच्या रांगेत असतं. ती रांग आली की आई मला डोळे मिटायला सांगते. आणि तिने फोन पालथा घातला, जयंती. मला नुसतं काळं दिसत होतं. हाका मारल्या तरी नाही. मग सुयोग आला. म्हणाला, आई, टोपी आणू नकोस. का रे, तर म्हणे, नको एवढंच. खूप विचारलं, नाही सांगितलं त्याने." ती माझ्याकडे वळली. "त्या रांगेत काय असतं गं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. अजूनही एखादं खोटं पुरलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो पालथा फोन आला आणि ओट्याखालचं ते तोंड दाबून बसलेलं पोर आलं, आणि घोकलेलं सगळं आटलं.

"गोळ्या," मी म्हटलं. "बंदुकीच्या. अनयची कंपनी त्याच करते. तंबू नावाला आहेत. खोक्यावरचं बदक अनयच छापतो."

माधुरीने हातातला फ्रॉक घडी घालायला घेतला होता, तो तिने नीट घडी घालून ठेवला.

"शनिवारी माहीत होतं तुम्हाला? व्याख्यानाच्या वेळी?"

नाही म्हणता आलं असतं. नंतर कळलं म्हणता आलं असतं. आम्हालाही फसवलं गं, म्हणून तिच्या गळ्यात पडून रडताही आलं असतं, आणि तिने मला जवळ घेतलंही असतं.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं. तंबूंवर बोला, असं मीच सांगितलं यांना."

"मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या," माधुरी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

ती उठली, डबा उचलला आणि आत गेली. मी उभी राहिले. बसायचं की जायचं ते कळेना. आत तिने लाडू दुसऱ्या भांड्यात काढले, त्याचा आवाज आला, एकेक लाडू हळू ठेवल्याचा. मग नळाचा आवाज आला, डबा घासल्याचा. बाहेर आली तेव्हा डबा पुसून लख्ख केलेला होता. गॅलरीतल्या दोरीवरून तिने टोपी काढली, घडी घातली, डब्यात घातली आणि झाकण दाबून लावलं.

"घे," ती म्हणाली. "रिकामा कसा देऊ?"

रस्ता ओलांडून आमच्या घरी यायचं, एवढंच अंतर. भाऊराव फाटकापाशी भेटले, म्हणाले, काय झकास बोलले परवा सर. मी हो हो म्हटलं आणि डबा पदराखाली घेतला. माझंच नाव कोरलेला डबा मी आपल्याच गल्लीत लपवत होते.

हे दाराशीच खुर्ची टाकून बसले होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. शनिवारचंही."

यांनी मान हलवली. मग हळूच, ज्याला उत्तर नको असतं त्या आवाजात विचारलं, "आणि पुढे?"

मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. माधुरीकडून आलेला डबा आमच्याकडे नेहमी हेच उघडतात.